चंद्र कुठे थांबला होता

भिंगकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. बायको 'अहो' म्हणते, मुलगी 'बाबा' म्हणते आणि उरलेली सगळी गल्ली भिंगकाका म्हणते. चव्वेचाळीस वर्षं उजव्या डोळ्याला भिंग अडकवून त्यांच्या भुवईखाली आणि गालावर एक गोल वळ पडला आहे. तो सुट्टीच्या दिवशीही जात नाही. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणतो, काकांकडे पाहिलं की कोणीतरी त्यांच्या चष्म्याची एक काच पळवून नेली असं वाटतं.

दुकान चार मजली इमारतीच्या जिन्याखाली आहे. मागच्या बाजूला छत उतरत जातं, त्यामुळे काका बसल्या जागेवरून उठताना सवयीने मान डावीकडे कलती करतात. ही सवय इतकी मुरली आहे की घरीसुद्धा, उंच छताखाली, ते तसेच उठतात.

या धंद्यात ते आले लग्नामुळे. मुलगी बघायला गेले तेव्हा एका गोदामात कारकून होते. सासरे घड्याळजी. त्यांनी मुलाला नोकरी, पगार काहीच विचारलं नाही. सुटं केलेलं एक गजराचं घड्याळ पुढ्यात ठेवलं आणि म्हणाले, जमतंय का बघा. काकांना ते जमलं नाही. पण सगळे भाग त्यांनी लहान-मोठे असे ओळीने लावले, कोणता कशाशेजारी होता ते कागदावर लिहिलं आणि मग म्हणाले, "मला येत नाही, पण हरवणार काही नाही." सासऱ्यांनी आत जाऊन मुलीला सांगितलं, हा चालेल.

सासऱ्यांनी पहिला धडा दिला तो एवढाच : आधी लिही, मग उघड. घड्याळ हातात आलं की ते ज्या अवस्थेत आलं ती वहीत नोंदवायची. काटे कुठे, तारीख कोणती, काचेवर ओरखडा किती. वहीत त्यासाठी 'आल्यावर' असा एक रकाना आणि शेवटी 'गेल्यावर' असा दुसरा. सासरे गेले, चावीची घड्याळं गेली, सेलची आली, आता तर निम्मी गिऱ्हाइकं नुसता पट्टा बदलायला येतात. पण 'आल्यावर'चा रकाना कधी कोरा राहिला नाही. पाच मिनिटांत सेल बदलून जाणाऱ्याच्या घड्याळाचीही नोंद व्हायची. लोक हसायचे. काका म्हणायचे, डॉक्टर नाही का आधी जीभ बघत?

तो रकाना एका सोमवारी कोरा राहिला. त्याची ही हकिकत.

त्या दिवशी सकाळी एक बाई आल्या. पंचावन्नच्या आसपास, ताठ, केस घट्ट बांधलेले. मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या आणि ड्यूटीची वेळ झाली होती. त्यांनी पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली, काउंटरवर ठेवली, वडिलांचं घड्याळ आहे, जरा बघून ठेवा, संध्याकाळी येऊन सगळं सांगते, असं म्हणून त्या घाईने निघून गेल्या.

काकांनी रुमाल सोडला आणि दिवा जवळ ओढला.

घड्याळाची केस, म्हणजे बाहेरची डबी, सोन्याची, फार मोठी नव्हे. तबकडीच्या वरच्या भागात शेजारी शेजारी दोन इवल्या खिडक्या, एकीत वार, दुसरीत महिना, दोन्ही कुठल्याशा परदेशी भाषेत तीन-तीन अक्षरी. खाली एक छोटं वर्तुळ, त्यावर एक ते एकतीस आकडे आणि तारीख दाखवणारा स्वतंत्र काटा. आणि त्या वर्तुळाच्या पोटात कमानीसारखी एक फट. त्या फटीत निळं आकाश, चांदण्यांचे ठिपके आणि सोनेरी चंद्र. आकाशातला चंद्र जसा वाढतो आणि घटतो तसा हाही कमानीतून रोज थोडा थोडा बाहेर येतो आणि पलीकडे मावळतो.

असं घड्याळ काकांनी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, तेही सासऱ्यांच्या हातात. तेव्हा सासरे म्हणाले होते, जावईबापू, बघायचं, बोट लावायचं नाही. कुठल्याशा श्रीमंताचं होतं, तासाभरात परत गेलं. त्यानंतर चार दशकं काकांनी त्याचं यंत्र फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलं. चंद्राच्या चकतीला एकोणसाठ दात असतात आणि चकतीवर दोन चंद्र असतात, एक मावळला की दुसरा उगवतो, हे त्यांना पाठ होतं. पण पाठ असणं आणि डोळ्यांनी बघणं यात फरक आहेच.

तो दात पुढे सरकताना कसा दिसत असेल?

केसच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढ्या खाचा होत्या. त्यांतल्या एकीत काडी दाबली की चंद्र एक घर पुढे जातो, दुसरीत वार, तिसरीत महिना. मात्र काटे मध्यरात्रीच्या अलीकडे-पलीकडे असतील तर काडी दाबायची नाही, आतली चाकं तेव्हा एकमेकांत गुंतलेली असतात, दात मोडतो. हेही काकांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी आधी काटे फिरवून सुरक्षित जागी नेले. तारखेचा काटाही त्याबरोबर सरकला. मग काडी दाबली. चंद्र टिचकन एक घर पुढे गेला.

काका एकटेच हसले. पुन्हा दाबली. एकोणसाठ वेळा दाबलं की चकती मूळ जागी येणार, तेव्हा मोजत राहिलं की झालं, असा त्यांचा हिशोब होता. चौतीसपर्यंत मोजलं आणि तेवढ्यात झेरॉक्सवाला सुट्टे मागायला आला. तो गेला तेव्हा चौतीस की छत्तीस ते काकांना आठवेना. म्हटलं, जाऊ दे, संध्याकाळी आजच्या तारखेला लावूनच देऊ. मग वार फिरवून पाहिला, महिना फिरवून पाहिला. सगळं लोण्यासारखं चालत होतं. दुपारचा डबाही उशिरा उघडला.

वहीचं पान कोरंच होतं. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही.

संध्याकाळी मेट्रनबाई आल्या, स्टुलावर बसल्या आणि सांगू लागल्या. वडील एका मोठ्या हॉटेलात लिफ्टमन होते. एक म्हातारा प्रवासी दर हिवाळ्यात यायचा, सहाव्या मजल्यावर राहायचा. बारा वर्षं तो वडिलांशी रोज चार वाक्यं बोलायचा. शेवटच्या खेपेला त्याने हातातलं घड्याळ काढून वडिलांना दिलं आणि म्हणाला, यापुढे मला जिथे वर जायचं आहे तिथे लिफ्ट लागत नाही. वडील ते रोज घालायचे. मग एके दिवशी त्यांनी ते काढलं आणि खिडकीशेजारच्या काचेच्या कपाटात उताणं ठेवलं. घरात सगळ्यांना ताकीद दिली, याला हात लावायचा नाही. तिथे ते वडील जाईपर्यंत पडून होतं. वडील गेल्या महिन्यात गेले.

"शनिवारी एक जण विकत घ्यायला येणार आहे," बाई म्हणाल्या. "फार दुर्मीळ आहे म्हणतो. द्यायचं की नाही ते मी ठरवलेलं नाही. पण त्याआधी मला एकच हवंय. हे कोणत्या दिवशी थांबलं ते सांगा. वार आणि महिना मला वाचता येत नाही, आणि ते बारीक आकडे तर दिसतही नाहीत."

काकांनी काडी हळूच खणात सरकवली.

बाई पुढे बोलत होत्या. धाकटा भाऊ म्हणतो, आई गेली त्या दिवशी वडिलांनी घड्याळ थांबवलं. पण भाऊ तेव्हा लहान होता. आणि बाईंच्या मनात दुसराच दिवस होता. त्या दिवशी त्या वडिलांशी भांडून, लांबच्या शहरातली नोकरी धरून घरातून निघाल्या होत्या. पुढे चार वर्षांनी परत आल्या, बोलणं सुरू झालं, पण त्या दिवसाचा विषय बापलेकीत कधी निघाला नाही. एकदा घड्याळाबद्दल विचारलं तर म्हणाले, राहू दे.

"दोन्ही तारखा मी तुम्हाला सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "नाहीतर मला बरं वाटेल तेच तुम्ही सांगाल. पेशंटच्या नातेवाइकांशी आम्ही तेच करतो."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे तर काकांच्या मनात चंद्रही होता, आणि तो भलत्याच जागी. आत बघावं लागेल, शुक्रवारी या, एवढंच ते कसंबसं म्हणाले.

घरी गेल्यावर ताटावर बसले आणि घास तोंडाशी नेऊन तसाच ठेवला. बायकोने विचारलं, काय बिघडलं. काही नाही म्हणाले. घड्याळजीची मुलगी ती. तिने दुसरा प्रश्न बरोबर विचारला.

"वहीत काय लिहिलंत?"

मग सगळं बाहेर आलं. ती शांतपणे ऐकत राहिली. बाबांनी पहिली गोष्ट कोणती शिकवली होती, असं ती विचारेल या भीतीने काकांनी मान खाली घातली होती. ती तसं काही म्हणाली नाही. म्हणाली ते त्याहून झोंबणारं होतं.

"चव्वेचाळीस वर्षं सेलवाल्यांचं लिहीत बसलात. आणि लिहिण्यासारखं एक आलं, तर खेळत बसलात."

आपलेच दात, आपलेच ओठ. बाईंना काय सांगायचं असं त्यांनी विचारलं. बायको म्हणाली, झालं ते सांगायचं, पण शुक्रवारी; हातात चार दिवस आहेत तर आधी घड्याळाला विचारून बघा. बाबा म्हणायचे, माणूस विसरतो, वस्तू विसरत नाही.

मंगळवारी सकाळी काकांनी दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं आणि घड्याळ उघडलं. या वेळी आधी लिहून. काटे उतरवले, तबकडी सोडवली आणि सवयीप्रमाणे दिव्याखाली तिरपी धरून बघितली, कुठे गंज आहे का म्हणून.

गंज नव्हता. पण तबकडीवर काटे होते.

खरे काटे तर बाजूला कागदावर काढून ठेवलेले. तरी तबकडीवर त्यांच्या दोन फिकट आकृत्या होत्या, एक आखूड, एक लांब. काकांनी भिंग बसवलं. तबकडी मुळात चांदीसारखी पांढरी असणार. खिडकीतलं ऊन खाऊन खाऊन ती पिवळसर झाली होती. आणि इतकी वर्षं काटे जिथे थांबून होते, तेवढ्याच दोन पट्ट्या उन्हापासून झाकलेल्या, म्हणून पांढऱ्या राहिल्या होत्या. भिंतीवरची तसबीर काढल्यावर मागे चौकोन दिसतो, तसं. तास काटा एक आणि दोनच्या मध्ये, मिनिट काटा सहावर. दीड वाजता.

तारखेच्या छोट्या वर्तुळात केसाएवढी पांढरी रेघ होती, बाराच्या आकड्याकडे बोट दाखवणारी. मग त्यांनी चकत्या बाहेर काढल्या. इथे उलटा प्रकार. खिडकीतून डोकावणारा एकच शब्द उन्हात उडालेला, बाकीचे काळेभोर. सात वारांतला एक फिका, बारा महिन्यांतला एक फिका. आणि चंद्राच्या निळ्या चकतीवर कमानीच्या आकाराचा एक विटका तुकडा, कडा अशी स्वच्छ की जणू कात्रीने कापला आहे. त्या तुकड्यात चंद्र अर्धाच आला होता, वाढत्या बाजूचा.

शब्दांचे अर्थ त्यांनी मुलीला फोन करून विचारले. तिने मोबाइलवर शोधून सांगितलं. गुरुवार. मार्च. तारीख बारा.

आता वर्ष उरलं. घड्याळ वर्ष दाखवत नाही. आणि मुख्य म्हणजे काकांचा आता स्वतःवर विश्वास राहिला नव्हता. ऊन चुकत नाही, पण ऊन वाचणारा चुकू शकतो. याला दुसरा साक्षीदार हवा.

तो कपाटावर होता. बायकोला लग्नापासून भिंतीवरची कॅलेंडरं जपून ठेवायची खोड. कोण आलं, कोणाला ताप आला, मुलीला पहिला दात कधी आला, सगळं त्या चौकोनांत लिहिलेलं. या भेंडोळ्यांवरून काकांनी तिला वर्षानुवर्षं टोमणे मारले होते. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः स्टुलावर चढून ती खाली काढली, शिंकले आणि जमिनीवर पसरली. तिने धूळ पुसायला फडकं दिलं, तेही जरा जास्तच अदबीने.

बारा मार्चला गुरुवार आलेली वर्षं सहा निघाली. मग चंद्राचा हिशोब. अर्धा, वाढता, म्हणजे पौर्णिमा सहा-सात दिवसांवर हवी. एका वर्षी ती तिसऱ्याच दिवशी होती, एका वर्षी दुसऱ्याच दिवशी, तीन वर्षी तर होऊन गेलेली. एकाच वर्षी पौर्णिमा अठरा मार्चला होती. बत्तीस वर्षांपूर्वी.

वार, तारीख, महिना, चंद्र. चौघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून एकच जबाब दिला होता. बायकोने त्या कॅलेंडरवरचा बारा मार्चचा चौकोन वाचला. त्यात तिच्याच अक्षरात होतं : 'मुलीने ह्यांचा चिमटा लपवला. दिवसभर शोध.'

रात्री जागून न करता बुधवारी पहाटे उठून काकांनी घड्याळ साफ केलं, तेल दिलं, जोडलं, आणि सकाळी नऊला पूर्ण चावी दिली. किती वेळ चालतं ते बघायचा हा त्यांचा नेहमीचा नियम. शुक्रवारी दुकान उघडलं तेव्हा ते चार वाजून पाच मिनिटांवर थांबलेलं होतं. त्रेचाळीस तास पाच मिनिटं. ते वहीत लिहिलं.

मेट्रनबाई पाचला आल्या. काकांनी आधी कबुली दिली. तुम्ही ठेवून गेलात आणि न लिहिता मी ते फिरवलं, असं सरळ सांगितलं.

बाईंचा चेहरा दगडासारखा झाला. "सोमवारी संध्याकाळी तुम्हाला हे माहीत होतं?"

"होतं, ताई."

"आणि चार दिवस गप्प बसलात. माझ्या वॉर्डात कोणी असं केलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं."

काका म्हणाले, बरोबर आहे. मग त्यांनी तबकडीचा फोटो पुढे ठेवला, काढून ठेवलेले काटे आणि त्यांच्या मागे राहिलेल्या पांढऱ्या जागा. चकत्यांचे फोटो दाखवले. कॅलेंडर उलगडलं. बाईंनी त्यांच्या हातातून भिंग घेतलं आणि एकेक गोष्ट स्वतः तपासली. एक्स-रे बघणाऱ्याची नजर होती ती. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"बारा मार्च. गुरुवार," त्या म्हणाल्या. "मग दोन्हींतला एकही नाही. आई गेली त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्टमध्ये. आणि मी निघाले ती त्याच वर्षी, पण दहा मार्चला, मंगळवारी. दोन दिवसांचा फरक आहे." मग त्यांनी विचारलं, "म्हणजे सहजच थांबलं का ते?"

काकांनी वही उलटी करून बघितली, मग पुन्हा सुलटी केली.

"वडील चावी कधी द्यायचे?"

"रोज सकाळी सातला. ड्यूटीचा कोट घालायच्या आधी. त्यात कधी बदल नाही. मी निघाले त्या दिवशीही..." बाई मध्येच थांबल्या. "त्या दिवशीही देत होते. मी बॅग घेऊन दारात उभी होते. त्यांनी वळून पाहिलं नाही. खिडकीकडे तोंड करून चावीच देत राहिले."

"मंगळवारी सातला दिलेली चावी," काका म्हणाले. "चावी द्यायचं बंद केलं म्हणून हे लगेच थांबत नाही, ताई. दिलेल्या चावीवर चालत राहतं. मी आज पहाटेपर्यंत मोजलं, त्रेचाळीस तास. मंगळवारचे सात ते बुधवारचे सात, चोवीस. पुढचे एकोणीस धरा."

बाईंनी बोटांवर मोजलं. दोनदा मोजलं.

"गुरुवारी पहाटे दोन."

"तेल जुनं असणार, म्हणून अर्धा तास कमी. दीड." काकांनी फोटोतल्या पांढऱ्या काट्यांवर बोट ठेवलं. "तुम्ही पाहिलीत ती शेवटची चावी. बुधवारी सकाळी त्यांनी दिली नाही. त्यानंतर कधीच दिली नाही."

बाहेर जिन्यावरून कोणीतरी उतरलं. तिसऱ्या मजल्यावरचे, एरवी काकांनी पावलावरून ओळखलं असतं. आज त्यांनी ऐकलं नाही. बाई काउंटरच्या लाकडावर नखाने एक रेघ ओढत होत्या, पुढे, मागे.

"रागाने थांबवलं असेल," शेवटी त्या म्हणाल्या. प्रश्न होता की नाही ते कळत नव्हतं.

"ते घड्याळ सांगत नाही. ते फक्त कधी, एवढंच सांगतं." मग काकांनी केस उचलून काच दिव्याकडे तिरपी केली. काचेवर गोल गोल बारीक ओरखडे होते, शेकडो, एकात एक. "पण ही काच कपाटात पडून अशी होत नाही. कपड्याने पुसून पुसून होते. जवळजवळ रोज. हात लावायचा नाही ही ताकीद इतरांना होती, एवढं मला दिसतं. पुढचं तुम्हाला माहीत."

बाईंनी काचेकडे पाहिलं. डोळे पुसले नाहीत, कारण पाणी आलंच नाही. फक्त नाक ओढलं आणि ताठ बसल्या.

काकांनी विचारलं, आता कुठे लावू, गुरुवारच्या दीडला की आजच्या तारखेला. शनिवारच्या माणसाला आजचं आवडेल, असंही म्हणाले. बाई म्हणाल्या, शनिवारच्या माणसाला फोन करून येऊ नका म्हणून सांगते. आणि घड्याळ आजच्या तारखेला लावा. चावी मात्र मला देऊ द्या.

काकांनी काडीने वार लावला, महिना लावला, कॅलेंडर बघून चंद्र लावला, आणि घड्याळ त्यांच्या हातात दिलं. बाई सावकाश चावी देऊ लागल्या. किती, असं विचारलं. दाटलं की थांबायचं, काका म्हणाले, आणि रोज एकाच वेळी.

"सातला," बाई म्हणाल्या.

त्या गेल्यावर काकांनी वही उघडली. सोमवारच्या पानावर 'आल्यावर'चा रकाना अजून कोरा होता. त्यांनी लिहिलं : गुरुवार, १२ मार्च, दीड. चंद्र अर्धा, वाढता. आणि पुढे, आयुष्यात पहिल्यांदा, एक शेरा : 'उन्हावरून.'

मग मान डावीकडे कलती करून ते उठले आणि बाहेर आले. दिवेलागण झाली होती. दोन इमारतींच्या मधल्या फटीत आभाळाचा एक तुकडा दिसत होता, तिकडे ते टाचा उंचावून बघू लागले. झेरॉक्सवाल्याने विचारलं, काका, काय शोधताय?

"लावलाय तो बरोबर आहे का बघतोय," काका म्हणाले, आणि गल्लीच्या तोंडाकडे चालू लागले. तिथून आभाळ जरा जास्त दिसतं.